चौऱ्याऐंशी किलोंचा माणूस

आईवडिलांनी त्याला एक बरंसं नाव ठेवलं होतं, पण ते बँकेच्या पासबुकापुरतं उरलं. बाकी जगासाठी तो ‘चौऱ्याऐंशी’. हे नाव पाडलं दाजींनी. दाजी म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीचे यजमान, वजनकाटे दुरुस्तीच्या दुकानाचे मालक आणि स्वतःच्या मते भारी विनोदी माणूस.

नावामागे धंद्यातली एक पळवाट होती. मोठा काटा दुरुस्त केला की तो बरोबर दाखवतो का, हे बघायला खरं वजन लागतं. दुकानात ओतीव लोखंडाची अशी पाच वजनं होती, प्रत्येक वीस किलोंचं, आणि ती न्यायला पाच लाकडी खोकी. ती घेऊन तिसरा मजला चढायचा म्हणजे माणसाच्या नाकी नऊ येतात. पण मेहुण्याचं वजन अकरा वर्षं चौऱ्याऐंशी किलोंवरून हललं नव्हतं. सणसणीत जेवो, तापानं फणफणो, सोमवारी सकाळी काट्यावर उभा राहिला की चौऱ्याऐंशी. मग लोखंड वाहायचं कशाला? यालाच काट्यावर उभा करायचा, आकडा चौऱ्याऐंशीवर आणून ठेवायचा, काम फत्ते.

‘‘स्वतःच्या पायांनी जिना चढणारं वजन आहे आमचं,’’ दाजी गिऱ्हाइकांना सांगत. ‘‘शिवाय डबापण घरून आणतं.’’

दाजींचा नियम एकच. दर सोमवारी दुकानातल्या मोठ्या काट्यावर उभं राहायचं आणि येईल तो आकडा व्हॅनच्या दाराच्या आतल्या बाजूला खडूनं लिहायचा. त्या मोठ्या काट्यावर दाजींचा देवापेक्षा जास्त विश्वास. दर महिन्याला ते स्वतः लोखंडी वजनं ठेवून त्याची परीक्षा घेत. मेहुण्याची परीक्षा घ्यावी असं त्यांना कधी वाटलं नाही.

आठ महिन्यांपूर्वी एका सोमवारी आकडा आला पंच्याऐंशी किलो सहाशे.

‘‘सांभाळ रे,’’ दाजी हसत म्हणाले. ‘‘माप वाढलं की भंगारात जातं.’’

तोही हसला. पण त्या दिवसापासून त्यानं सकाळची न्याहारी सोडली, आणि पाठोपाठ दुपारचा डबा. पुढच्या सोमवारी काट्यानं चौऱ्याऐंशी दाखवले, दाजींनी पाठ थोपटली आणि त्याला वाटलं, जमलं! तिसऱ्या आठवड्यात एका गोदामाचा काटा लावून तो व्हॅनमध्ये येऊन बसला. चार वाजले होते, पोटात सकाळपासून कण नव्हता. एक बिस्किट खाऊ म्हणून त्यानं पुडा फोडला. भानावर आला तेव्हा मांडीवर चार रिकामे पुडे होते, आणि मधली वीस मिनिटं कुणीतरी कापून नेल्यासारखी गायब होती.

दुसऱ्या दिवशी त्यानं पाण्याशिवाय काही घेतलं नाही. प्रायश्चित्त! आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी प्रायश्चित्ताचं उद्यापन झालं: अख्खा पाव, जामची बाटली, अर्धा डझन केळी. जाम लावायला सुरी नव्हती, म्हणून स्क्रू ड्रायव्हर.

चवीनं खाणारी माणसं आपण बघतो. त्यांचा हेवा वाटतो. याचं खाणं तसलं नव्हतं. तो चावायचा कमी आणि गिळायचा जास्त. एक डोळा आरशात, कुणी येतंय का. पोट तट्ट फुगून दुखायला लागलं तरी हात पिशवीत जायचाच. आता पुरे, असं तो स्वतःला सांगायचा. पण सांगणारा एक आणि खाणारा दुसराच, दोघांची ओळख नसल्यासारखी. मग पुडे चुरगळून लपवायची धांदल. त्यासाठी जागा नामी सापडली होती. लोखंडी वजनं दुकानातच फळीखाली पडून असत, त्यामुळे त्यांची पाच खोकी व्हॅनमध्ये रिकामीच फिरत. ती एकेक करून भरत गेली.

सोमवारी तो दाजींच्या आधी दुकानात पोचू लागला. काट्याकडे न बघता त्याच्या शेजारून जायचा आणि दारावरचा जुना चौऱ्याऐंशी खडूनं पुन्हा गिरवायचा. शर्ट सैल घ्यायला लागला. पट्ट्याला दाभणानं दोन भोकं पाडली. दाजी म्हणायचे, ‘‘सुखाचं अंग दिसतंय,’’ आणि हा म्हणायचा, ‘‘शर्ट फुगीर आहे.’’ खाई त्याला खवखवे म्हणतात, ते याच्याइतकं शब्दशः कुणाला लागू पडलं नसेल.

बायकोशी वेगळंच त्रांगडं. भरलेला डबा तसाच परत यायचा. रात्री ताटावर बसून हा दोन घास चिवडायचा आणि म्हणायचा, भूक नाही. तिनं महिनाभर सोसलं. मग एकदा भाजी वाढता वाढता, आवाज अगदी सरळ ठेवून, तिनं विचारलं, ‘‘कुणाच्या हातचं खाऊन येता?’’

तो काही बोलला नाही. त्या न बोलण्याचा अर्थ तिनं तिच्या परीनं लावला. तेव्हापासून घरात भांडी जरा जोरात आपटत होती.

तर त्या दिवशी, मंगळवारी, सकाळी दहाला तो इस्पितळाच्या तिसऱ्या मजल्यावर होता. डायलिसिसच्या खोलीत चाकाच्या खुर्चीसकट माणूस चढेल असा मोठा चौरस काटा होता, आणि त्याचे आकडे आठवडाभर थरथरत होते. यानं खालचा सेन्सर बदलला, चारही पाय समतल केले आणि स्वतः वर उभा राहिला. नव्या सेन्सरला अजून काही शिकवलेलं नव्हतं. तुम्ही सांगाल ते त्याच्यासाठी खरं. यानं बटणं दाबून सांगितलं: चौऱ्याऐंशी. काट्यानं मान्य केलं. सही, तारीख, चिठ्ठी.

तिथून निघून तो पार्सल ऑफिसच्या मागच्या गल्लीत व्हॅन लावून बसला. पाव, जाम, बिस्किटं, दुधाची पिशवी. बारा वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला तेव्हा तोंडात इतकं कोंबलेलं होतं की पहिल्यांदा उचलताच आला नाही. दुसऱ्यांदा वाजला.

‘‘काटेवाले का? डायलिसिसमधून सिस्टर बोलतेय. काय करून गेलात?’’

‘‘का... काय झालं?’’

‘‘सकाळी सातला एक पेशंट आला, साठ किलो. मशीननं दोन लिटर पाणी काढलं. आता तुमच्या काट्यावर भरतोय साडेबावन्न. मी माणसं धुते हो, पिळत नाही!’’

‘‘काट्याला धक्का लागला असेल.’’

‘‘काट्याला कोण धक्का देतंय? मला बसला धक्का. ऐका, दोनला पुढची बॅच आहे. आठ पेशंट. त्यात आमच्या शाळेच्या हेडबाई. पाय सुजलेत, आत्ताच येऊन बसल्यात, धाप लागलीय. वजन कळल्याशिवाय किती पाणी काढायचं ते मला ठरवता येत नाही. जास्त काढलं तर कोसळतील, कमी काढलं तर छातीत भरेल. दोनच्या आत काटा नीट करा.’’

फोन बंद झाला. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. तोंडात होता तो पावाचा गोळा. तो त्याला गिळताही येईना, थुंकताही येईना.

हिशेब अवघड नव्हता. काटा हलकं दाखवतो, कारण ज्यानं त्याला शिकवलं तो जड आहे. किती जड? ते माहीत असतं तर दोन मिनिटांचं काम. आणि मग त्याहून वाईट गोष्ट डोक्यात आली. आठ महिने. गोदाम, पार्सल ऑफिस, शाळेतला तपासणीचा काटा, हे इस्पितळ. धंद्यात ‘काटा मारणे’ ही सगळ्यांत मोठी शिवी. यानं एकट्यानं, एका पैशाचाही फायदा न घेता, सगळीकडे काटा मारून ठेवला होता.

व्हॅन चालू करताना त्यानं बेत आखला. दुकानात जायचं. दाजी पुढे असतील, आपण मागं. मोठ्या काट्यावर गुपचूप उभं राहायचं, खरा आकडा बघायचा, इस्पितळात जाऊन तो आकडा भरायचा. कुणाला काही कळायची गरज नाही. बाकीचे काटे... बाकीचे काटे नंतर बघू.

दुकानात पोचला तेव्हा पाऊण वाजला होता. दाजी मोठ्या काट्याच्या शेजारीच स्टूल टाकून जेवत होते.

‘‘ये, बस. दोन घास खा.’’

‘‘नको. भूक नाही.’’

‘‘हवेवर जगतोस लेका. काय, चेहरा का पडलाय?’’

यानं इस्पितळाचं सांगितलं. नवा सेन्सर, साडेपाच किलोंचा फरक. दाजी चावायचे थांबले. हात धुतले. त्यांचा चेहरा धंद्यातला झाला.

‘‘सेन्सर खराब निघाला असणार. पण आधी आपलं घर तपासू. उभा राहा काट्यावर.’’

‘‘कशाला? उशीर होतोय.’’

‘‘अरे, आज तू नक्की किती आहेस ते घेऊन जा. राहा उभा!’’

तो उभा राहीना. भिंतीवरचं घड्याळ टकटक करत होतं. ‘‘दाजी, तिथं हेडबाई धापा टाकतायत,’’ तो म्हणाला.

‘‘म्हणूनच सांगतोय. चढ.’’

त्यानं बूट काढले. मग खिशातली किल्ली काढली, पाकीट काढलं, घड्याळ काढलं, जणू फरक किल्लीचाच होता. आणि चढला. तांबडे आकडे धावले, अडखळले, थांबले.

चौऱ्याण्णव किलो तीनशे.

दाजींनी आकडा वाचला. मेहुण्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ‘‘काटा गेला!’’ ते किंचाळले. ‘‘माझा काटा गेला! गेल्या महिन्यात तपासला होता मी. उतर, उतर.’’

तो उतरला. काटा शून्यावर आला. दाजींनी चारही कोपरे दाबून पाहिले, पुन्हा शून्य. वायर हलवली. ‘‘पुन्हा चढ.’’ चौऱ्याण्णव किलो तीनशे. ‘‘खिशात पाना आहे?’’ ‘‘नाही.’’ ‘‘मग काटाच!’’ अकरा वर्षं ज्या काट्यावर देवापेक्षा जास्त विश्वास, तो दाजींनी एका मिनिटात मोडीत काढला. पण मेहुण्याचं वजन वाढलं असेल ही शंका काही त्यांच्या डोक्याला शिवेना. विश्वास म्हणजे काय चीज असते आणि ती किती जड असते, हे त्याला त्या काट्यावर उभं राहून कळलं.

‘‘लोखंडी वजनं काढतो,’’ दाजी म्हणाले. ‘‘मागल्या तपासणीनंतर खोक्यांत भरून व्हॅनमध्ये ठेव म्हटलं होतं, ठेवलीस ना?’’

‘‘दाजी, थांबा. खोक्यांत...’’

पण दाजी व्हॅनपाशी पोचले होते. वीस किलो उचलायचे म्हणून त्यांनी पाय रोवले, दम धरला, दोन्ही हातांनी खोकं हिसकलं आणि ते पिसासारखं वर गेलं. दाजी मागच्या मागे बसले. खोक्यातून त्यांच्या डोक्यावर, खांद्यांवर, मांडीवर पुड्यांचे कागद पडत राहिले. चकचकीत, चुरगळलेले, तेलकट. एक जामचं झाकण गडगडत जाऊन गटाराच्या जाळीवर थांबलं.

दाजींनी एक कागद उचलला, उलटा करून पाहिला, मग दुसऱ्या खोक्याचं झाकण उघडलं. तिसऱ्याचं. चौथं त्यांनी उघडलं नाही.

‘‘हे सगळं तू?’’

त्यानं मान हलवली.

‘‘भस्म्या झालाय का रे तुला? आम्ही काय उपाशी ठेवलं होतं? मागून घ्यायचंस!’’ आणि मग आवाज खाली आला. ‘‘आणि दारावर तो आकडा कोण लिहीत होतं?’’

‘‘मीच.’’

दाजी उठले, पँट झटकली. ‘‘एक वाजून गेला,’’ ते म्हणाले. ‘‘भांडू नंतर. वजनं फळीखालीच राहिली असतील, काढ.’’

इस्पितळाची लिफ्ट पेशंटांसाठी राखीव होती. शंभर किलो लोखंड दोघांनी तीन खेपांत तिसऱ्या मजल्यावर चढवलं. शेवटच्या खेपेला त्याच्या पोटात मघाचा पाव दगडासारखा बसला होता आणि कानात दाजींचा श्वास वाजत होता. दोनला पंधरा कमी.

हेडबाई खिडकीशी खुर्चीत होत्या. ओठ निळसर, प्रत्येक श्वासाला खांदे वर. तशातही त्यांनी घड्याळाकडे बोट करून त्याच्याकडे पाहिलं, उशिरा आलेल्या पोराकडे पाहावं तसं.

त्यानं पाचही वजनं काट्यावर ठेवली. शंभर किलो. काटा म्हणाला, नव्वद किलो तीनशे.

‘‘अगंबाई,’’ सिस्टर म्हणाल्या. ‘‘आणि मी यावर बाईंना बसवणार होते. झालं काय होतं याला?’’

‘‘सेन्सर हो,’’ दाजी चटकन म्हणाले. ‘‘नवा माल, काही सांगता येत नाही. आता लावून देतो...’’

दाजी झाकून घेत होते. त्याला ते दिसलं. आता गप्प बसलं की सुटका होती. काटा तर बरोबर होणारच होता, बाई मशीनवर जाणारच होत्या. नुसतं गप्प बसायचं, जे तो आठ महिने करत आला होता.

‘‘सेन्सर चांगला आहे,’’ तो म्हणाला. ‘‘मी बिघडलोय.’’

त्यानं काट्याची बटणं दाबता दाबताच सांगितलं, मान वर न करता, कारण मान वर केली असती तर शब्द फुटला नसता. मी माझ्या वजनावर काटे लावतो. माझं वजन आता ते नाही. मी खातो. लपून खातो. थांबता येत नाही. बाकीच्या ठिकाणीही काटे चुकलेत. शंभर किलो, काट्यावर शंभर. एक वजन काढलं, ऐंशी. आणखी एक, साठ. ‘‘आता बसवा बाईंना.’’

सिस्टरनी खुर्ची काट्यावर ढकलली. खुर्चीचं वजन वजा जाता सहासष्ट. सिस्टरनी कागदावर पाहिलं. ‘‘बाईंचं नेहमीचं बासष्ट. चार किलो पाणी आहे अंगात. मघाच्या काट्यावर साठच्या आत भरल्या असत्या. पाणी काढायचं कारणच दिसलं नसतं मला.’’ हे त्यांनी रागानं म्हटलं नाही. म्हणून ते जास्त लागलं.

बाईंच्या नळ्या जोडून झाल्यावर सिस्टर बाहेरच्या बाकापाशी आल्या. दाजी एका टोकाला, तो दुसऱ्या टोकाला.

‘‘भूक लागते म्हणून खाता?’’

‘‘नाही. भूक दुपारपर्यंत मरून गेलेली असते.’’

‘‘आणि खाल्ल्यावर बरं वाटतं?’’

तो हसला. ‘‘स्वतःच्या तोंडावर थुंकावंसं वाटतं.’’

‘‘खाली सात नंबरला आहारवाल्या मॅडम आहेत. आत्ता जा. उद्या म्हणाल तर जाणार नाही तुम्ही.’’

मॅडम वयानं त्याच्याहून लहान होत्या आणि त्यांनी काटा मागितला नाही, याचंच त्याला आधी आश्चर्य वाटलं. आठवड्यातून किती वेळा, किती महिने, एकटेच असताना का, पोट दुखेपर्यंत का, खाल्ल्यावर उलटी वगैरे काढता का. तो आकडे सांगत गेला, शेवटचं सोडून बाकी सगळ्याला हो म्हणत गेला, आणि त्याला वाटलं, ही बाई व्हॅनमध्ये मागच्या सीटवर बसून होती की काय!

‘‘याला बिंज ईटिंग म्हणतात,’’ त्या म्हणाल्या. ‘‘आजार आहे. बऱ्याच जणांना असतो, जाड, बारीक, कुणालाही. सांगत कुणीच नाही.’’

‘‘आजार कसला, हावरटपणा आहे,’’ दारातून दाजी म्हणाले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं.

‘‘हावरा माणूस चारचौघांत खातो आणि खूष असतो,’’ मॅडम शांतपणे म्हणाल्या. ‘‘यांना खाताना आनंद दिसतोय का तुम्हाला? सकाळी उपास, दुपारी उपास, मग शरीर सूड घेतं. मग शरम, आणि शरमेपायी पुन्हा उपास. हा फेरा आहे.’’

‘‘चौऱ्याऐंशीचा फेरा,’’ दाजींच्या तोंडून सवयीनं निघून गेलं. पंच्याऐंशी सहाशेचा तो सोमवार त्यांना आठवला असावा. कारण पुढचा पाऊण तास ते दाराच्या चौकटीला टेकून, हातातली टोपी फिरवत, मुकाट्यानं ऐकत उभे होते.

मॅडमनी काही औषधबिवषध दिलं नाही. दर गुरुवारी समुपदेशकांकडे बोलायला यायचं. गरज पडली तर डॉक्टर औषधाचं बघतील. पटकन बरं व्हायची आशा धरायची नाही, मधे पुन्हा घसरायला होईल, ते सांगायचं, लपवायचं नाही. काही दिवस स्वतःचं वजन करायचं नाही. ‘‘आणि उद्यापासून सकाळी न्याहारी.’’

‘‘म्हणजे मला खायला सांगताय?’’

‘‘वेळेवर. बसून. कुणाच्या तरी समोर.’’

शेवटचे तीन शब्द त्याला उपासापेक्षा कठीण वाटले.

संध्याकाळी बायकोला सांगायला त्याला तिसरा मजला पुन्हा एकदा चढल्यासारखं झालं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग बराच वेळ ओट्याचा एकच कोपरा पुसत राहिली.

‘‘म्हणजे कुणाच्या हातचं खात नव्हता?’’

‘‘कुणाच्या नाही. माझ्याच.’’

ती रडली की हसली ते त्याला पाठीवरून कळलं नाही. ‘‘मी सहा महिने त्या बाईला शिव्या घातल्या,’’ ती म्हणाली. ‘‘नुसत्या हवेत वाया गेल्या.’’

सकाळी साडेसातला ताटात दोन पावाचे तुकडे, एक उकडलेलं अंडं आणि चहा. ती समोर बसली होती आणि मुद्दाम वर्तमानपत्र वाचत होती. ते उलटं होतं. पहिला घास त्याला हातात धरवेना. आठ महिन्यांत कुणाच्या नजरेसमोर त्यानं असं काही खाल्लं नव्हतं. हात म्हणत होता, सगळं एकदम. डोकं म्हणत होतं, काहीच नको. त्यानं तुकडा मोडला. चावला. पावाला चव असते, हे तो विसरला होता.

खाली व्हॅन येऊन थांबली. आज गोदामाचा काटा, मग शाळेचा, मग पार्सल ऑफिसचा. आठ महिन्यांची यादी दाजींनी काल रात्रीच काढली होती. पाच खोकी धुऊन, त्यांत पाच लोखंडी वजनं. दारावरचा खडूचा आकडा ओल्या फडक्यानं पुसलेला, नुसता पांढुरका डाग उरलेला.

‘‘ए चौऱ्या...’’ दाजींनी खालून हाक मारली आणि अर्ध्यावर गिळली. दुसरं काय म्हणावं ते त्यांना आठवेना. पासबुकातलं नाव तर अकरा वर्षांत तोंडातच आलं नव्हतं. ‘‘ए... अरे... तू! येतोस की मी एकटाच उचलू शंभर किलो?’’

तो सवयीनं उठायला निघाला. ताटात अजून दीड तुकडा आणि अर्धं अंडं होतं. बायकोनं उलट्या वर्तमानपत्राच्या वरून पाहिलं.

तो पुन्हा बसला आणि खिडकीकडे तोंड करून, सगळी गल्ली ऐकेल असा ओरडला, ‘‘थांबा दाजी, खातोय!’’